ब्राउनवरची रेघ

“…पण मग चौघींत थोरली कोण, मास्तर?”

रणधीर सरनोबतने पुन्हा विचारलं. कोंडीराम मास्तर ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. ते सोलत राहिले.

चौघी म्हणजे गोल्फच्या चार मेजर स्पर्धा. व्यावसायिक खेळाडूंच्या जगात बाकीचं सगळं एकीकडे आणि या चौघी एकीकडे. रणधीर चारही खेळून आला होता, आणि हे त्याच्या चालण्यातही दिसायचं. सकाळी तो माळावरच्या या जुन्या मैदानात शिरला तेव्हा फाटकातलं कुत्रंसुद्धा उठून बाजूला झालं होतं.

मास्तर बोलेनात, तेव्हा त्याने स्वतःच निकाल द्यायला घेतला. पहिली ब्रिटिश ओपन. सगळ्यांत जुनी, समुद्राकाठची, आणि वारा असा की सरळ मारलेला चेंडू कुठल्या गावाला जाईल याचा नेम नाही. दुसरी मास्टर्स. दरवर्षी त्याच एका देखण्या मैदानावर व्हायची, जिंकणाऱ्याला हिरवा कोट मिळायचा. तिसरी यूएस ओपन, जिथं कडेचं गवत मुद्दाम वाढवून भल्याभल्यांना रडवतात. आणि मग शेवटी पीजीए चॅम्पियनशिप.

“ती शेवटी का?” मास्तरांनी विचारलं.

“ती चांगलीच आहे, मास्तर. पण तिला स्वतःचा असा चेहरा नाही.”

हे वाक्य त्याने गाडीत बसल्या बसल्या घोकलं होतं. संध्याकाळच्या भाषणातही तो हेच म्हणणार होता.

आता यातली गोम सांगितलेली बरी. ब्रिटिश ओपनमध्ये रणधीर तिसरा आला होता, आणि पीजीएमध्ये इनायत अत्तार दुसरा. दोघे याच माळावर, याच मास्तरांच्या हाताखाली, एकाच डब्यातलं खाऊन वाढले होते. पीजीए चौथ्या नंबरला गेली की तिथला दुसरा आपोआप खाली सरकत होता आणि ओपनचा तिसरा वर चढत होता. रणधीरने स्पर्धांची उतरंड मोठ्या अभ्यासाने रचली होती, पण वरच्या मडक्यावर कोण बसणार हे त्याने आधीच ठरवलं होतं.

संध्याकाळी जिमखान्यात दोघांचा सत्कार होता. त्या वेळी मास्तर आपला पितळी पटर, म्हणजे चेंडू हलकेच भोकात घालायची त्यांची जुनी काठी, दोघांपैकी एकाला देणार अशी गावात बोलवा होती. मास्तरांनी स्वतः त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

रणधीरला तो पटर हवा होता. घरात चषक ठेवायला जागा उरली नव्हती, कौतुकाचं तर अजीर्ण झालं होतं. पण या म्हाताऱ्याने त्याला आजवर कधी शाब्बास म्हटलं नव्हतं. ते त्याला रात्रंदिवस खुपायचं.

मास्तरांनी टरफलं झटकली.

“ओपनला तुझ्या पुढं कोण होतं?”

ते रणधीरला कसं विसरता येईल? पुढे राहिलेल्या दोघांची नावं त्याने सांगितली, त्यांची घराणी सांगितली, शेवटच्या दिवशी कोण कुठं चुकला आणि कोण कसा नशिबाने वाचला तेही सांगितलं.

“आणि मागं कोण खेळत होतं?”



“मागं म्हणजे?”

“म्हंजे तू भोकावरनं हललास की तिथं कोण येत होतं?”

“…मागचे कशाला लक्षात राहतील, मास्तर?”

“हं…” मास्तर उठले. कोपऱ्यातला पटर घेतला आणि चपला सरकवून मैदानाकडे निघाले. रणधीर लगबगीने मागे गेला. पटर आत्ताच हातात पडतो की काय, असं त्याला वाटून गेलं.

हे मैदान गोऱ्या पलटणीने माळावर आखलेलं. परदेशात भोकाभोवती गालिच्यासारखी हिरवळ असते, तिला ग्रीन म्हणतात. इथं प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं हिरवळ कुठली? म्हणून भोकाभोवती वाळू पसरून तिला तेल पाजायचं आणि दाबून सपाट करायचं. त्या काळपट गोलाला ब्राउन म्हणायचे. त्यावर चेंडू गेला की बारीक रेघ उमटते, आणि माणूस गेला की पाऊल.

म्हणून इथली एक रीत होती. चेंडू भोकात गेला की खेळणाऱ्याने कडेची फळी उचलायची. फळीला खाली गोणपाट ठोकलेलं, पुढे दोरी. भोकापासून सुरुवात करून ती गोल गोल ओढत बाहेर यायचं. ओढणाऱ्याची पावलंसुद्धा मागून येणाऱ्या फळीखाली पुसली जातात. पुढच्याला कोरी वाळू मिळायला हवी.

लहानपणी या फळीने रणधीरला फार छळलं होतं. चेंडू पडला की त्याचा जीव पुढच्या भोकाकडे धावायचा. तो दोन फेरे ओढून पळायचा, आणि मास्तर मागून येऊन वाळू वाचायचे. टाच कुणाची, घाई कुणाची, सगळं सांगायचे. इनायतच्या मागून आले की मात्र कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि म्हणायचे, “इथं कुणी खेळलेलं दिसत नाही… इनायत होता वाटतं.”

त्या वाक्याचा रणधीरला तेव्हा इतका हेवा वाटायचा की रात्री जेवण जायचं नाही. पुढे तो ग्रीनवर खेळायला लागला आणि फळीचा विषयच संपला.

मास्तरांनी पटर त्याच्या हातात दिला.

“चौघींची नावं घेतलीस. आता चारी इथं खेळून दाखव. चार बाजूंनी.”

रणधीर हसला. हे तर त्याच्या पथ्यावरच पडलं. त्याने खिशातून चेंडू काढले, एकेकाला एकेका स्पर्धेचं नाव दिलं आणि पीजीए उताराच्या सोप्या बाजूला ठेवली. चेंडू गेला आणि टप् करून पडला. यूएस ओपन चढावर ठेवली, तीही पडली. मास्टर्सला वाकडी वाट दिली, चेंडू झोकात वळला आणि आत गेला.

ओपन त्याने पार टोकावरून घेतली. मध्ये उंचवटा, आडवा वारा. त्याने श्वास रोखला. पितळेचा आवाज झाला, चेंडू उंचवट्यावर चढला, क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि लांबलचक देखणी रेघ काढत भोकात उतरला.

असा फटका माणसाला क्वचितच साधतो. रणधीरची मान ताठ झाली. ओपनच्या शेवटच्या दिवशी हजारो माणसं उभी राहिली होती, तेव्हाही त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. त्याने मास्तरांकडे पाहिलं. आता तरी…

मास्तर चेंडूकडे बघतच नव्हते.

“मागं कोण आहे?” त्यांनी विचारलं.

रणधीरने वळून पाहिलं. माळ मोकळा होता. मग त्याला आठवलं. भोकात चेंडू पडल्यावर मास्तर नेहमी एवढंच विचारायचे. चेंडू पडला का, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

त्याने पटर ब्राउनच्या कडेला ठेवला आणि फळी उचलली. हाताला सवय राहिली नव्हती, दोरी बोटांना काचली. तरी त्याने ओढली. पीजीएची रेघ पुसली, यूएस ओपनची पुसली, मास्टर्सची पुसली.

ओपनची रेघ राहिली.

चुकून राहिली असं तो कुणालाही सांगू शकला असता. दर फेऱ्यात फळी तिच्याजवळ आली की जराशी उचलली गेली, इतकंच. इतकी सुंदर रेघ आपल्या हाताने कशी पुसायची? दुपारपर्यंत राहू दे, संध्याकाळपर्यंत राहू दे. इनायत येईल, बघेल…

मास्तरांनी पटर उचलला.  त्यांनी रेघेच्या जरा बाजूने चेंडू मारला. चेंडू संथ, सरळ, भोकाच्या नेमावर निघाला. पडणार यात शंकाच नव्हती. भोकाच्या अलीकडे तो रणधीरच्या रेघेला लागला, अडखळला, तिच्या कडेने भलतीकडे घरंगळला आणि थांबला.

मास्तरांनी पटरच्या टोकाने रेघ दाखवली.

“तुझी ओपन आडवी आली रे.”

ते रागावले असते तर रणधीरला सोसलं असतं. ते रागावले नव्हते.  गुरूचा सरळ जाणारा चेंडू आपल्या मोठेपणाने वाकडा केला, याची त्याला खरोखर लाज वाटली.

फाटकाबाहेर धूळ उडाली. गाडी थांबली, दार वाजलं. इनायत आला होता.

मास्तरांनी पटर पुन्हा कडेला ठेवला आणि ते बाभळीखालच्या दगडावर जाऊन बसले. काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

रणधीरने चेंडू गोळा केले आणि फळी घेतली. आधी मनात एवढंच होतं, की इनायतने ही रेघ बघायला नको. बघितली तर तो सगळं ओळखेल. तो भोकापाशी उभा राहिला. रेघ त्याच्या पायापासून पार टोकापर्यंत पसरली होती. त्याच्या आयुष्यातला तो कदाचित सगळ्यांत चांगला फटका होता.

त्याने दोरी ओढली.

पहिल्या फेऱ्यात रेघ अर्धी वीत पुसली गेली. मग आणखी गेली. हळूहळू हातांना जुनी चाल सापडली, फळी कुठं दाबायची, कुठं सैल सोडायची. उंचवट्यावर वाळू जरा सरकली होती, तिथं तो पुन्हा फिरला. कुणी सांगितलं नव्हतं तरी फिरला. शेवटच्या फेऱ्यात त्याला एक गंमत कळली. काम नीट व्हावं असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि ज्याच्यासाठी ते नीट व्हायला हवं होतं तो इनायत होता.

तो ब्राउनबाहेर आला तेव्हा घामाघूम झाला होता. सत्कारासाठी घातलेल्या सदऱ्याची इस्त्री मोडली होती.

इनायत जवळ आला. त्याने वाकून मास्तरांना सलाम केला, रणधीरच्या पाठीवर थाप मारली. मग कडेला ठेवलेला पटर त्याला दिसला. सहज उचलावा तसा त्याने तो उचलला आणि हातात तोलून पाहिला. तो त्याच्या हातात शोभत होता, हे नाकारण्यात अर्थ नव्हता.

रणधीर एक पाऊल पुढे सरकला. मग त्याच्या लक्षात आलं की फळीची दोरी आपण अजून दोन्ही हातांनी घट्ट धरली आहे, आणि ती खाली ठेवावीशी वाटत नाही.

इनायत ब्राउनच्या कडेला उकिडवा बसला. मास्तरांनीच शिकवल्याप्रमाणे डोळे बारीक करून त्याने उन्हाच्या दिशेने वाळू न्याहाळली. खूप वेळ न्याहाळली. मग बाभळीकडे वळून विचारलं, “मास्तर, खेळ सुरू झाला का नाही अजून?”

मास्तर उठले. कमरेवर हात ठेवून ब्राउनच्या काठाशी येऊन उभे राहिले. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी नजर फिरवली. त्यांचा ऊर भरून आला होता, आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही.

“इथं कुणी खेळलेलं दिसत नाही…” ते म्हणाले. “रणधीर होता.”