पाद्र्याचं टाकं

खैरमाथ्याची चढण अर्धी सरली की डाव्या हाताला कातळात खोदलेलं एक टाकं लागतं. दोन माणसं आडवी मावतील एवढं लांब, छातीइतकं खोल. शेजारी दगडाचा ओटा आहे. वरच्या गावात यायचं तर अजून या चढणीनंच यावं लागतं, त्यामुळे पाहुणा दमून इथं टेकतोच. मग शांतवन भालेराव, पोस्टातून निवृत्त झालेले आणि आता ऐंशीला आलेले, काठी बाजूला ठेवून त्याला या जागेची हकीकत सांगतात. त्यांना ती त्यांच्या आजोबांनी सांगितली, आजोबांना त्यांच्या वडिलांनी.

इंग्रजांचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. तालुक्याच्या गावी मिशनचा बंगला होता आणि तिथं एक पाद्री आला. स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावरचा, कोळ्याचा मुलगा. नाव मॅक्रे. लोकांनी त्याचं मकरे करून टाकलं आणि त्यानंही ते कधी दुरुस्त केलं नाही. आला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. बरोबर नवी लग्नाची बायको होती, ती तिसऱ्या वर्षी तापानं गेली. तिला बंगल्यामागं पुरून मकरे साहेब पुढच्या शनिवारी नेहमीसारखे खैरमाथ्याला निघाले. शनिवार तिथला बाजाराचा दिवस.

असं सांगतात, की पहिल्या वेळी चढताना साहेबांचा दम इथंच तुटला होता. समोर सपाट धोंडा होता, बसायला हाक मारावी असा. पण तरुण रक्त. त्यांनी धोंड्यापुढं उभ्यानंच शपथ घेतली, ‘वरच्या गावातलं एक तरी माणूस प्रभूच्या पायाशी येईपर्यंत या चढणीवर मी बसणार नाही.’

पुढं एकवीस वर्षं ते बसले नाहीत.

दर शनिवारी वर जायचं, चावडीपुढच्या पिंपळाखाली उभं राहायचं आणि बोलायचं. मराठी त्यांना एका शास्त्रीबुवांनी शिकवली होती, त्यामुळे ते ‘हे बंधुजनहो’ असं सुरू करत आणि बाजारातल्या बायका पदराआड हसत. लोक वाईट वागले नाहीत. ऐकून घेत, तंबाखू पुढं करत, तापावरची पुडी मागत. पण बाप्तिस्मा एकानंही घेतला नाही. साहेबांची दाढी पिकली, गुडघे बोलू लागले. पुढं पुढं तर ते चढताना प्रवचनाची तयारीही करीनासे झाले. तीच वाक्यं आपोआप तोंडातून निघत आणि ती ऐकून त्यांचाच त्यांना कंटाळा येई. बंगल्यावर परतल्यावर ते बूट काढायचेसुद्धा विसरत. तसेच खुर्चीत बसून राहत.

बाविसाव्या वर्षी चैत्रात मायदेशाहून पत्र आलं. खैरमाथ्याचं काम निष्फळ आहे, ते बंद करावं आणि पुढच्या बोटीनं परत यावं. पत्र वाचून साहेबांना दुःख झालं नाही. कुणी तरी खांद्यावरचं ओझं काढून घेतल्यासारखं वाटलं आणि तसं वाटल्याचीच त्यांना लाज वाटली. शेवटचं एकदा वर जाऊन यायचं, एवढंच त्यांनी ठरवलं.

त्या शनिवारी ऊन कडक होतं. अर्ध्या चढणीवर साहेबांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. त्यांनी धोंड्याला हात टेकला, पण बसले नाहीत. मागून एक बाई डोक्यावर घागर घेऊन येत होती. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली ठकूबाई. नवरा नसलेली, चाळिशीची.

“बसा की, सायेब,” ती म्हणाली. “येवढी वर्सं बघतीया, तुमी कदी बसला न्हाई.”

“मी शपथ घेतली आहे.”

“कुनाला तरास द्यायला?”

साहेब धोंड्यावर टेकले आणि एकवीस वर्षांची शपथ अशी, एकही माणूस प्रभूकडं न वळता, मोडली. ठकूबाईनं घागर उतरवली आणि वरून धार धरली. ते प्यायले, पुन्हा प्यायले, तोंडावर पाणी मारलं. भानावर आले तेव्हा घागर निम्मी झाली होती.

ठकूबाईनं उरलेलं पाणी हलवून पाहिलं आणि ती खाली वळली.

“कुठं निघालीस?”

“भरून आनाया. गावातल्या आडाला आमी शिवत न्हाई. वढ्यावरनं आनतो. दिसाला चार खेपा.”

एकवीस वर्षं या बायका साहेबांच्या पुढून-मागून घागरी घेऊन चढत होत्या. साहेब त्यांना वाट देत, टोपी उचलत आणि वर जाऊन तहानलेल्या आत्म्यांविषयी बोलत. हे पाणी येतं कुठून, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. एकीचंही नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

“तुझं नाव काय, बाई?”

“ठकू.”

त्यांनी घागर उचलली आणि तिच्यामागून ओढ्याकडं उतरू लागले. त्या शनिवारी पिंपळाखाली प्रवचन झालं नाही.

मायदेशी त्यांनी उत्तर धाडलं ते म्हणे एवढंच: ‘मला येता येत नाही. मी अजून वर पोचलेलो नाही.’ मिशननं त्यांच्यावरचा हात काढला. बंगला गेला. साहेब ओढ्याकाठी झोपडी करून राहिले.

धोंड्यामागचा कातळ चैत्रातही ओला असतो, शेरडं तो चाटतात, हे ठकूबाईला ठाऊक होतं. पण तो फोडणार कोण आणि कुणाच्या हुकमानं? साहेब पाटलांकडं गेले. पाटलांनी त्यांना ओसरीवर बसवलं आणि थंडपणे सांगितलं, “तुम्ही तुमचं प्रवचन करा, साहेब. आम्ही कधी अडवलं? पण पाण्यात हात घालू नका.”

साहेबांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पहार घेतली. ठकूबाईचा दीर रावजी पाथरवटांच्या हाताखाली राबलेला होता, तो छिन्नी धरी आणि साहेब घण घालीत. पाटलाच्या माणसांनी दोनदा हत्यारं ओढ्यात फेकली. दोन्ही वेळा रावजीनं बुडी मारून ती काढली. पावसाळ्यात काम थांबलं, दिवाळीनंतर पुन्हा सुरू झालं. दगडाच्या भुकटीनं साहेबांना खोकला लागला तो सुटला नाही. पुढच्या वैशाखात एका शनिवारी सकाळी रावजीनं पाहिलं तर तळाशी वीतभर पाणी होतं. कोणी म्हणतात, साहेबांनी प्रार्थना केली आणि कातळ दुभंगला. शांतवन भालेराव तसं सांगत नाहीत. देवाची इच्छा असेल, पण घाव साहेबांचे होते, असं त्यांचे आजोबा म्हणत.

आठवड्याभरात वस्तीतली अठरा घरं टाक्यापाशी गोळा झाली. रावजी पुढं झाला. “सायेब, आमाला तुमच्या देवाचं करून घ्या.”

ज्या शब्दांसाठी आयुष्य गेलं ते शब्द साहेबांच्या कानांवर पडत होते.

“आज नको,” ते म्हणाले. “आज तुम्ही पाण्याला हो म्हणताय. आधी पोटभर पाणी प्या. दोन-चार वर्षं प्या. मग मनात आलं तर या.”

“तवर तुमी असाल का?” ठकूबाईनं विचारलं. तिनं खोकला ऐकला होता.

“नसलो तर दुसरा कुणी असेल.”

ते नव्हते. पुढच्या चैत्रापर्यंत त्यांना चार पावलंही धड टाकवेनात. एका शनिवारी त्यांनी हट्टानं डोली करून घेतली आणि इथं आले. रावजीनं धोंडा घडवून त्याचा ओटा केला होता, त्यावर ते टेकले.

“थकलो, ठकूबाई.”

“मंग बसा. आता कुटं जायाचंय?”

तिनं पाणी दिलं. दोन घोट गेले, तिसरा ओठांवरून ओघळला. साहेबांना बायकोशेजारी पुरलं. थडग्यावर नाव तेवढं आहे, काय केलं ते नाही.

चार वर्षांनी अठरापैकी सात घरांनी दुसऱ्या पाद्र्याकडून बाप्तिस्मा घेतला. रावजीचं घर त्यांतलं, म्हणजेच शांतवन भालेरावांचं. अकरा घरांनी घेतला नाही. ठकूबाईनंही नाही. ती मरेपर्यंत आपल्या मरीआईची राहिली आणि टाक्यातला गाळही तीच काढत राहिली.

पुढं मोठा दुष्काळ पडला. वरच्या गावाचा आड तळाला गेला. ओढा तर केव्हाच आटला होता. एका दुपारी पाटील आणि गावची पाच-पन्नास माणसं रिकाम्या घागरी घेऊन चढण उतरली आणि टाक्यापाशी येऊन थांबली. ओट्यावर म्हातारी ठकूबाई बसलेली. वस्तीची माणसं धोंडे घेऊन मागं उभी होती. म्हातारी एक शब्द बोलती तर रक्त सांडलं असतं.

ठकूबाई ओट्यावरून उठली. पाटलांना म्हणाली, “दमला आसाल. बसा.”

पाटील ती बसली होती त्याच जागी बसले. तिनं धार धरली, त्यांनी ओंजळ केली. प्यायले.

“न्या पानी,” ती म्हणाली. “पर आज बायकांच्या डोईवर न्हाई. तुमी बाप्ये वाहून न्या.”

आणि पाटलांनी घागर खांद्यावर घेतली.

तेव्हापासूनचा रिवाज असा, की इथं आलेल्याला आधी बसवायचं, मग पाणी द्यायचं आणि नाव-गाव त्यानंतर विचारायचं. इथं कुणी कुणाला उपदेश करत नाही. कीर्तनकार येवोत की पाद्री, ते गुमान पाणी पिऊन वर जातात.

आता खैरमाथ्यावर नळ आला आहे. तरी आजही वैशाखातल्या पहिल्या शनिवारी सगळ्या घरांतले पुरुष इथून घागरी भरून वर नेतात. निम्मं पाणी वाटेत सांडतं. बायका ओट्यावर आणि भोवतीच्या कातळावर बसून राहतात. पहिला काही वेळ त्यांना मोकळ्या हातांचं काय करावं ते कळत नाही. मग एखादी पाय पसरते.