ठकूबाईचा सरवा

"शलमोनदादापेक्षा मोठी रास काढली मी. मग मला कुणी शाबास का म्हणेना?"

पाळकबाबा राशीशेजारी बसले होते. ते माझ्यामागे उभ्या असलेल्या ठकूबाईकडे बघत होते. तिची पाटी मी हिसकावून घेतली होती.

दादाला तापानं नेलं त्याला महिना झाला होता. चर्चच्या शेताचा त्याचा कारभार आता माझ्याकडे होता. मी भुईमूग काढला. वर वखराच्या दोन पाळ्या घालून मातीत राहिलेली शेंगन्‌शेंग वेचून घेतली. दादाच्या नावाला मला कमीपणा येऊ द्यायचा नव्हता.

"हिनं राशीतून शेंगा उचलल्या," मी म्हणालो. "ही चोरी आहे."

"उचलल्या की!" ठकूबाई म्हणाली. "मागं राहिलेला सरवा वेचायला आले, तर रानात एक शेंग नाही. नातवंडांना काय ढेकळं उकडून घालू? शलमोन असता तर..."

"दादाचं नाव घेऊ नको!"

"आमोस," पाळकबाबा हळूच म्हणाले, "कापणीनंतर रानात मागे राहतं, ते कुणाचं? देवानं मोशेला काय सांगितलं?"

"गरिबाचं... परक्याचं."

"ते कुणी उचललं?"

मी खाली बघितलं.

"...मी."

मग मला राहवेना. मी तिची पाटी राशीत खुपसली, शिगोशीग भरली आणि तिच्यापुढे धरली. "घे मावशी."

तिनं पाटी राशीवर उपडी केली.

"भीक मागायला नाही आले. माझा सरवा दे."

मी पाळकबाबांकडे बघितलं. ते उठले. झग्याची ओटी करून तीत शेंगा भरल्या आणि वखरलेल्या रानात शिरून मुठीमुठीनं उधळू लागले.

"अहो बाबा, ही कसली पेरणी?" ठकूबाई ओरडली.

"पाळकाला शेतीतलं काय कळतंय, बाई!" बाबा उधळता उधळता म्हणाले.

सरव्यासाठी येऊन बांधावर थांबलेल्या बाया खो खो हसल्या आणि पदर खोचून रानात उतरल्या. मलाही हसू फुटलं. महिन्यात पहिल्यांदा.

राशीतल्या शेंगांचं पोतं खांद्यावर टाकून मी धावलो. ठकूबाई वाकून वेचत होती. तिच्या पायाशीच मी मूठभर टपोऱ्या शेंगा टाकायला गेलो.

पाळकबाबांनी माझं मनगट धरलं.

"ढेकळाखाली सार," ते कानाशी म्हणाले. "ती बघत नाही तोवर."