सावलीचे कोठार

एका राज्यात सावली चोरीला गेली. चोर कोण, हे सगळ्यांना ठाऊक होते. तो सिंहासनावर बसला होता.

त्याचे नाव राजा शीतसेन. वैशाखात महाल तापतो म्हणून त्याने मांत्रिक बोलावला. मांत्रिकाने मंत्र म्हटला, राज्यातल्या झाडांची, छपरांची, ढगांची सावली उचलली आणि राजाच्या कोठारात भरली. वर शापाचे कुलूप ठोकले. त्या दिवसापासून पिंपळाखाली उभे राहा, ऊन डोक्यावरच. घरात शिरा, ऊन मागोमाग आत. विहिरी आटल्या, गुरे उभ्या उभ्या कोसळली. आणि महालात? महालात दरबारी शाली पांघरून बसत आणि “काय गारवा आहे हो!” म्हणत. त्यांच्या जिभा कशा झडल्या नाहीत, देव जाणे.

वेशीजवळ भिवरा नावाची बाई राहत होती. तिच्या तान्ह्या लेकीच्या अंगावर उन्हाने फोड आले होते. लेकरू रडून रडून रडेनासे झाले, तेव्हा भिवरा तडक दरबारात गेली.

“महाराज, आमची सावली परत द्या.”

“बाई, कोठार शापित आहे. तीन कामे करील त्यालाच ते मिळेल.”

“हा नियम कुणाचा?”

“आमचाच,” राजा म्हणाला, आणि दरबार हसला.

पहिले काम, उकळत्या तळ्याच्या बुडातले कमळ. लेकरू सासूच्या ओटीत घालून भिवरा गेली. हातापायांची सालटी निघाली, पण कमळ आणले. राजाने ते दासीच्या वेणीत खोचायला दिले. दुसरे काम, पेटल्या रानातले न जळलेले बी. भिवराचे केस जळाले, पण बी आणले. राजाने ते पोपटापुढे टाकले. असल्या माणसाला महाराज म्हणायचे!

“आता तिसरे,” राजा म्हणाला. “उद्या दुपारी उघड्या माळावर लेकराला निजव. वर ना झाड, ना छप्पर, ना कापड. ऊन कलेपर्यंत ते निजले, तर सावली तुमची. रडले, तर पुन्हा तोंड दाखवू नकोस.”

भिवरा माळावर जाऊन संतापाने रडू लागली. तिथे एक टिटवी उघड्यावरच्या अंड्यांवर पंख पसरून उभी होती. तिने विचारले, “रडतेस कशाला?”

“लेकरू मारायला निघालेत माझे.”

“माझी अंडी मेली का? त्याने झाडाची सावली नेली, छपराची नेली. माझी नेता आली नाही. जित्या जिवाची सावली दिल्याशिवाय जात नाही. आणि ऐक, सावलीला सावली हाक मारते. पण एकीची हाक कोठारापर्यंत पोचत नाही.”

दुसऱ्या दिवशी भिवराने लेकरू माळावर निजवले आणि स्वतः त्याच्यावर ओणवी झाली. ऊन पाठीत शिरले. तोच मागून आवाज आला. शेजारची कोंडाबाई होती, जिच्याशी भिवराचा कित्येक दिवस अबोला होता.

“सरक गं बये. पाठ करपली तुझी. आता मी उभी राहते.”

कोंडाबाईमागून तिचा नवरा आला, मग गुरव, मग सगळी वस्ती. कुणी आपली पोरे आणली, कुणी म्हातारी माणसे, आणि मध्ये निजवली. थकला की एक हटे, दुसरा वाके. सावलीला सावली जुळत गेली आणि भर दुपारी माळ काळाभोर झाला.

राजा माळासमोरच्या महालाच्या खिडकीतून ओरडला, “ही लबाडी आहे! काम एकटीला दिले होते!”

“सावली काय माझ्या एकटीची चोरली होती?” भिवरा गरजली.

तेवढ्यात कोठाराचे कुलूप तडकले. कोंडलेली सावली दारे फोडून निघाली. पिंपळाची पिंपळाखाली गेली, झोपडीची झोपडीत, ढगाची ढगाखाली. मांत्रिक मंत्र म्हणू गेला, तर शब्द तोंडातच वाळले. महाल मात्र तव्यासारखा तापला. शाल फेकून राजा अनवाणी माळावर धावत आला.

“मला थोडी जागा द्या,” तो म्हणाला.

भिवराने त्याच्याकडे पाहिले. क्षमा तिच्या मनात नव्हती, आणि का असावी?

“बसायला जागा नाही, महाराज. उभे राहायला आहे. ऊन अजून कलले नाही. वाका, तुमची पाळी.”

राजा वाकला. त्याच्या सावलीत लेकरू कूस बदलून पुन्हा निजले.

शाप सरला, कहाणी सुफळ झाली. राजा मात्र अजून दर उन्हाळ्यात माळावर पाळीला येतो. एखाद्या दुपारी चुकला, तर टिटवी महालावर जाऊन ओरडते.