डोळ्याभोवतीचं पिवळं कडं

एका खाडीच्या मुखाशी पक्ष्यांसाठी राखून ठेवलेला चिखलाचा मोठा पट्टा होता. तिथे एक म्हातारा राखणदार असे. त्याने चिखलाच्या कडेने दोरी बांधली होती. दोरीपलीकडे पाखरांनी चरायचं, अलीकडे माणसांनी बांधावर बसून बघायचं, एवढा साधा नियम.

एकदा एक व्यापारी आपल्या आईला घेऊन तिथे आला. आईची नजर दिवसेंदिवस मंद होत चालली होती आणि वैद्यांनी हात टेकले होते. "दिसतंय तोवर एकदा पाखरं जवळून बघायची आहेत रे," एवढंच तिने मागितलं होतं. त्यामुळे मुलगा फार उतावळा झाला होता.

ओहोटी होती. पाखरं पार लांब, पाण्याच्या काठाला चरत होती. मुलाला ती दिसत होती, आईला मात्र नुसता चिखल दिसत होता.

"होडी काढा, हिला जवळ नेऊ," मुलगा म्हणाला.

"वाईच दम धरा, दादा," राखणदार म्हणाला. "भरती येऊ द्या. तोवर बांधावर गप बसायचं, हलायचं नाही."

"बसून कधी पाखरं जवळ येतात होय?"

राखणदार आईसाठी चटई अंथरायला वळला आणि तेवढ्यात स्वारी दोरीखालून पलीकडे! लांबून वळसा घालून पाखरं आईकडे हाकायची, असा शहाण्याचा बेत. त्याने टाळ्या वाजवल्या, आणि पाखरं उडाली ती थेट खाडीपार. हा गुडघ्यापर्यंत रुतून बसला. राखणदाराने फळी टाकून त्याला ओढून काढलं. वहाणा चिखलातच राहिल्या.

"आई, तुझी पाखरं मीच घालवली गं," मुलगा रडवेला होऊन म्हणाला.

आईने पदराने त्याच्या तोंडावरचा चिखल पुसला. "बस इथे माझ्याजवळ," ती म्हणाली.

तिघं बसून राहिले. हळूहळू भरती चढली. सगळा चिखल पाण्याखाली गेला, पलीकडचा काठही बुडाला. कोरडा उरला तो हा बांध. पाखरं परत आली, पण वरच घिरट्या घालू लागली.

नेमका तेव्हाच मुलाच्या नाकावर एक डास बसला. त्याने हात उचलला, आईकडे पाहिलं आणि हात तसाच खाली ठेवला. डासाने पोटभर जेवून घेतलं.

एक पाखरू उतरलं, मग दुसरं, मग सगळा थवा. त्यातलं एक इवलंसं तुरुतुरु चालत आईच्या पावलांपाशी येऊन थांबलं.

"अरे," आई कुजबुजली, "ह्याच्या डोळ्याभोवती पिवळं कडं आहे!"

मुलाने न वाकता, श्वास रोखून पाहिलं. खरंच होतं. त्याचे डोळे धडधाकट होते, पण ते कडं त्याला आईने दाखवलं.

तात्पर्य: ज्याची ओढ आहे त्याच्या मागे धावू नये, त्याला आपल्यापाशी निर्धास्त उतरता येईल इतकं शांत व्हावं.