खंडेनवमीची करवत

वेळ सकाळी सव्वानऊ. दिवस खंडेनवमीचा. ठिकाण, कारखान्यांच्या एका शहरातील एका घराचे परसू, पत्र्याच्या छपराखाली. पन्नास वर्षांत या दिवशी साध्या पान्यालाही हात न लावलेल्या एका वृद्ध वस्तादाने पूजेच्या पाटावरची लोखंड कापायची करवत उचलली आणि झेंडूच्या माळा घातलेली आपल्या शिष्याची गाडी कापायला घेतली.

खंडेनवमीला हत्यारे धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून पाटावर मांडतात आणि त्या दिवशी त्यांना काम सांगत नाहीत. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस विसावा द्यावा, एवढी माणुसकी आपण लोखंडाला दाखवतो. माणसांना किती दाखवतो, हा प्रश्न वेगळा.

शिष्य एका दूध संघाच्या कचेरीत आवक-जावक कारकून होता. एकदा त्याने एका जुन्या मासिकात एक चित्र पाहिले. छप्पर नाही, दारे नाहीत, लांब नाक, उघडे इंजिन, बसायला दोनच जागा. परदेशात हौशी माणसे अशा गाड्या भंगारातून घरच्या घरी जोडतात आणि त्यांना हॉट रॉड म्हणतात, असे चित्राखाली लिहिले होते. चित्र कापून त्याने पाकिटात ठेवले. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी माणसाला असा ध्यास लागला की शेजारी हसतात आणि नातेवाईक काळजी करतात. त्याच्या बाबतीत दोन्ही झाले.

लोखंड जोडायला शिकवा म्हणून तो वस्तादांकडे गेला तेव्हा वस्तादांनी त्याचे हात उलटेसुलटे करून पाहिले. म्हणाले, "हे फाईली बांधणारे हात हायत लेका. भाजतील."

"भाजू देत," शिष्य म्हणाला.

दर रविवारी हात भाजत राहिले. मोडीत निघालेल्या जीपचा सांगाडा आला, दुसऱ्या गाडीचे इंजिन आले. पत्रा ठोकून ठोकून त्याने गाडीचे नाक घडवले, ते चार वेळा वाकडे झाले, पाचव्यांदा जमले. गाडी मावावी म्हणून परसातली धुण्याची मोरी पाडावी लागली. तेव्हापासून त्याची बायको गाडीला 'धाकटी' म्हणे. "धाकटीला जेवायला विचारलंत का? नाही, आधी तिचं बघा, मग आमचं," असे ती अंगणातून ओरडे. आणि संध्याकाळी तीच हातात कंदिलासारखा दिवा धरून उभी राही, कारण नवऱ्याला दोन्ही हात मोकळे लागत.

तीन वर्षांनी गाडी पुरी झाली. रंग पिकल्या मिरचीचा. घरी जोडलेल्या गाडीला रस्त्यावर परवानगी मिळत नाही. नियम कडक आहे आणि तो तसाच असावा. म्हणून ठरले असे, की खंडेनवमीला पूजा करून गाडी टेंपोवर घालायची, गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत न्यायची आणि खाणीच्या उतारावर पहिली फेरी मारायची. शेजारच्या जागेवर बायको बसणार होती. नवी साडी नेसून ती सकाळपासून तयार होती. गल्लीतली पंधरावीस माणसे परसात जमली होती. कोणी नारळ आणला होता, कोणी नुसते नाक मुरडायला आले होते.

वस्ताद शेवटचे तीन आठवडे आले नव्हते. मोतीबिंदू काढला होता. डोळ्यांवर काळा चष्मा लावून, काठी टेकत ते आले तेव्हा सगळ्यांनी वाट दिली. शिष्य पायाला वाकला.

"दिसत न्हाई नीट," वस्ताद म्हणाले, "पण हात लावून बघतो."

त्यांनी गाडीच्या नाकावरून हात फिरवला. मान हलवली. चाके चाचपली. ब्रेकच्या नळ्या बोटांनी मोजल्या. शिष्याची छाती फुगत होती. मग वस्ताद स्टिअरिंगच्या दांडीशी आले आणि त्यांचे बोट थांबले. अंगठ्याचे नख त्यांनी दांडीवर वरखाली फिरवले. पुन्हा फिरवले.

"ही दांडी अख्खी हाय?"

"नाही वस्ताद. बसायची जागा मागं घेतली, त्यामुळं वीतभर कमी पडत होती. तुकडा जोडलाय."

"सांधा कुठाय?"

"हाच की. हाताखाली आहे तुमच्या." शिष्य हसला. "लागणारच नाही हाताला. तीन दिवस घासलाय."

गल्लीतले कोणीतरी म्हणाले, "वा!"

वस्ताद वळले, पाटापाशी गेले आणि हळदकुंकू लावलेली करवत उचलली. तिच्यावरचे फूल त्यांनी काढून पाटावर परत ठेवले, आणि करवत दांडीवर टेकवली.

"वस्ताद! आज खंडेनवमी!"

"म्हाईत हाय."

"अहो, धरा त्यांना कुणीतरी!" शेजारचे गृहस्थ ओरडले. "म्हाताऱ्याचं डोकं फिरलं!"

पण ज्या हाताने आपल्याला ठिणगी धरायला शिकवली तो हात कसा धरायचा, हे शिष्याला कळेना. तो नुसता उभा राहिला. दांडीवरचा काळा रंग सोलला. त्याखालून खड्डे भरायचा लेप निघाला, गॅरेजवाले त्याला लांबी म्हणतात. लेपाचा भुगा झेंडूवर पडला. आठदहा वेळा ओढल्यावर वस्तादांनी करवत बाजूला ठेवली, स्टिअरिंगचे चाक दोन्ही हातांनी धरले आणि झटका दिला. दांडी काडीसारखी दुभंगली.

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले. "तीन वर्षं, वस्ताद. तीन वर्षं! कापल्यावर तुटणारच ना? कापलं तर काय तुटत नाही?"

"ये हिकडं. मला दिसत न्हाई. तुला दिसतंय. सांग काय दिसतंय ते."

शिष्याने तुटलेले टोक उजेडात धरले. करवतीचा माग एका बाजूला थोडासाच होता. उरलेल्या कडेला केसाएवढी चकाकी होती आणि तिच्या आत सगळे काळे. दोन तुकडे आतून एकमेकांना भेटलेच नव्हते. वर जे थोडे लोखंड वितळून धरले होते ते त्याने स्वतःच, चांगले दिसावे म्हणून, तीन दिवस बसून घासून टाकले होते.

"सांग की," वस्ताद म्हणाले.

"आत काळं आहे."

बायको पुढे आली. तिने ते टोक पाहिले, नवऱ्याकडे पाहिले. मग आपल्या नव्या साडीकडे पाहिले आणि तिचा आवाज बारीक झाला. "मी बसणार होते ना यात?"



वस्ताद पाटाशेजारी उकिडवे बसले. "मी तुला काय शिकवलं हुतं? सांध्यावर नळी चढवायची, आरपार खिळा मारायचा आणि वितळल्या लोखंडाचा वरचा वळ तसाच ठेवायचा. का न्हाई केलंस?"

"बोजड दिसत होतं."

"दिसणारच. सांध्याला सांधा असल्याचं सांगता आलं पायजे. आज हत्यार निजतंय, खरं हाय. पण तू गाडीला कुठं निजवणार हुतास? तू तर तिला उतारावर सोडणार हुतास. हत्याराची झोप मोडली तर उद्या माफी मागता येती. या पोरीची मागता येत नसती."

शिष्य खाली बसला. माणसे एकेक करून निघू लागली. तमाशा संपला होता. शेवटी तिघेच उरले. तेव्हा बायकोने विचारले, "वस्ताद, डोळ्यांनी दिसत नाही म्हणता. मग नुसत्या नखानं कसं कळलं तुम्हांला?"

वस्ताद म्हणाले, "कारण असा सांधा मी घासलाय."

बावीस वर्षांपूर्वी ते बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात होते. एका बसची दांडी तडकली होती. नवी यायला दोन दिवस लागणार होते आणि बस दुसऱ्या दिवशी लग्नाच्या वऱ्हाडाला जायची होती. मालक म्हणाला, जोड, घास, लांबी भर, काळा मार. वस्ताद नको म्हणाले. मालक म्हणाला, तू नाहीस तर दुसरा करील. "आणि मी केलं," वस्ताद म्हणाले. "झकास केलं. कुणाच्या बापाला सांधा दिसला नसता. तपासणीच्या साहेबालाबी दिसला न्हाई, त्यानं शिक्का मारला. घाटात वळण आलं. चाक वळलं, गाडी न्हाई वळली. अकरा माणसं."

"आणि ड्रायव्हर?"

"त्यो बारावा."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून आले, 'चालकाचे नियंत्रण सुटल्याने'. हे तीन शब्द आपण रोज वाचतो. लिहिणाऱ्याला ते सोपे पडतात, पोलिसांना सोयीचे पडतात, मालकाला तर फारच. मेलेला माणूस उलटून बोलत नाही. या गोष्टीत कोणालाही नाव दिलेले नाही, कारण बोधकथेला नावे लागत नाहीत. पण त्याचे नाव द्यायलाच हवे, कारण बावीस वर्षे त्याला फक्त 'चालक' म्हटले गेले आहे. त्याचे नाव शामराव भैरू चौगुले. त्याच्या बायकोला वऱ्हाडातल्या माणसांच्या घरांपुढून मान खाली घालून जावे लागले. मुलाला शाळेत पोरे 'झोपाळ्या' म्हणत, कारण ड्रायव्हरला डुलकी लागली असणार, असे गावाने आपापसात ठरवून टाकले होते.

"तुम्ही कुठं सांगितलं नाही?" शिष्याने विचारले.

"तीनदा पोलिसांकडं गेलो. म्हणलं, सांधा माझा हाय, लिवून घ्या. पयल्यांदा म्हणले, तुझी तक्रार कुणाविरुद्ध? म्हणलं, माझ्याविरुद्धच. हसले. दुसऱ्यांदा म्हणले, प्रकरण मिटलंय. तिसऱ्यांदा शिपायानंच परत धाडलं. मला बांधून न्यायला त्यांचं काय जातंय रं? पण मला धरलं तर मालकाला विचारावं लागंल. मालकाला विचारलं तर शिक्क्याला विचारावं लागंल."

तुटलेली दांडी शिष्याच्या मांडीवर होती. लाजेने आपण मान खाली घातली आहे, एवढेच त्याला मघापासून कळत होते. आता त्याच्या ध्यानात आले, की आपली लाज सकाळी सव्वानऊला वेळेवर उघडी पडली. जगात सगळ्यांचे नशीब तेवढे थोर नसते.

दसरा झाल्यावर शिष्याने लेथवर कातकाम करणाऱ्या कारखान्यातून अख्खी, बिनसांध्याची दांडी करून आणली. पुढच्या रविवारी खाणीच्या उतारावर गाडी सोडली. बायको शेजारी बसली होती. पहिल्या वळणाला तिने त्याचा दंड एवढा घट्ट धरला, की नखांचे वण चार दिवस राहिले. गाडी वळली. वर उभ्या वस्तादांना काही दिसले नाही. त्यांनी इंजिनाचा आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलेला ऐकला आणि चष्मा काढून डोळे पुसले. डॉक्टरांनी डोळ्यांना हात लावू नका म्हणून सांगितले होते.

परतताना शिष्य म्हणाला, "वस्ताद, तुम्ही तीनदा गेलात ते रिकाम्या हातानं. तोंडी बोलण्याला कचेरीत किंमत नसते. मी लिहून देतो, तुम्ही सही करा. चौथ्यांदा मी येतो बरोबर."

"फाईली बांधणारे हात," वस्ताद म्हणाले.

"तेच."

अर्ज दोन पानी झाला. त्यात बसचा क्रमांक होता, तारीख होती, मालकाचा हुकूम शब्दशः होता आणि चौगुल्यांचे पूर्ण नाव तीन ठिकाणी होते. सोमवारी अकरा वाजता दोघे पोलिसांच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या माणसाने अर्ज वाचला, आत नेला, बऱ्याच वेळाने रिकाम्या हाताने परत आला आणि म्हणाला, "ठेवून घेतलाय."

"आवक क्रमांक?" शिष्याने विचारले. कचेरीत आलेल्या प्रत्येक कागदावर तो पडतोच. तो पडला नाही, तर कागद आलाच नाही असे समजतात.

"साहेब बघतील."

याला आता सात महिने झाले. शिष्य दर सोमवारी जातो. अर्जाला आवक क्रमांक अद्याप मिळालेला नाही.