धुवणाचा खड्डा

पाषाणपुरावर दृढसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व एका गवंड्याच्या घरी जन्मले आणि पुढे राजाच्या तटाच्या कामावर मुकादम झाले.

तट सुमुखा नदीच्या काठाकाठाने वर चढत होता. सहाशे गवंडी चुन्यात हात घालून होते. त्यांची एक रीत होती. दिवस मावळायच्या आत थापी आणि घमेले वाहत्या पाण्यात धुवायचे. चुना लागलेली थापी घरी नेली तर घरातले माणूस दगावते, अशी समजूत. म्हणून रोज संध्याकाळी सहाशे घमेली नदीत बुडत. घटकाभर नदी ताकासारखी दिसे. मग चुन्याबरोबर गाळही तळाशी बसे आणि पाणी इतके नितळ होई की तळचे खडे मोजावेत. लोक काठावर येऊन राजाचे कौतुक करीत. कौतुक करायला लोकांना लागते काय!

एके दिवशी तुंगा नावाची भोईण मुकादमापुढे टोपली आदळून उभी राहिली. टोपलीत मरळ, वांब, मूठभर झिंगे. सगळे मेलेले, माशांचे कल्ले पांढरेफटक.

"मुकादमदादा, छान दिसते हो नदी तुमची," ती म्हणाली. "आत कुणी उरलंच नाही, मग गढूळ कोण करणार?"

"कधीपासून?"

"तुमचा तट लागला तेव्हापासून. आता वरच्या डोहात काय ते उरलेत. तिथवर तट नेलात की माझी पोरं काय खातील? चुना?"

बोधिसत्त्वांनी स्वतःच्या हातांकडे पाहिले. चाळीस वर्षे चुन्याने सोललेली कातडी. गवंड्याच्या निबर हाताची ही गत, तर माशाच्या कल्ल्याचे काय होत असेल? चाळीस वर्षांत हे एकदाही मनात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते दोन पराती घेऊन राजापुढे गेले. एकीत वरच्या डोहाचे गढूळ पाणी, दुसरीत तटाखालचे नितळ. दोन्हींत जिवंत झिंगे सोडले. राजाचा विडा चघळून व्हायच्या आत नितळ पाण्यातले झिंगे उताणे झाले.

राजा म्हणाला, "झिंग्यांसाठी तट थांबवू? पावसाआधी पुरा व्हायला हवा."

"तट चालू द्या, महाराज. धुवण तेवढे नदीत नको. काठापासून दूर खड्डा खणतो, चिकणमातीने लिंपतो."

"मजूर मिळणार नाही. आणि खड्डे खणत बसणारा मुकादम मला नको."

"मग मुकादमकी दुसऱ्याला द्या," बोधिसत्त्व म्हणाले.

खड्डा त्यांनी एकट्याने खणला. गवंडी हसले. "बाबा, वाहत्या पाण्यात दोष वाहून जातो. साचलेल्यात कुठे जाणार?"

"वाहत्यात कुठे जातो? तुंगाच्या जाळ्यात."

कुणी ऐकेना. तेव्हा त्या संध्याकाळी बोधिसत्त्वांनी न धुतलेली थापी सर्वांदेखत खांद्यावर टाकली आणि ते घरी गेले. घरी एकटी बायको. सकाळी तिला बघायला गवंडी दारात जमले.

ती बाहेर येऊन म्हणाली, "काय बघताय? आहे जिवंत. पाठ तेवढी दुखतेय."

असे सात दिवस चालले. आठव्या दिवशी चार घमेली खड्ड्यावर आली, महिन्याने सगळी.

खड्ड्यातले पाणी उन्हात साय धरी. तळाचा चुना बोधिसत्त्व उपसून तटाच्या भरावात टाकीत. रोज. पाठ मोडे, कंटाळा येई. कंटाळा येतो, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

तट पुरा झाला. वरचा डोह वाचला. खालच्या पात्रात मात्र खडे चुन्याने एकमेकांना चिकटले होते, माशाला अंडी घालायला फट उरली नव्हती. म्हातारपणी बोधिसत्त्व तिथे छिन्नी घेऊन थर फोडीत बसत.

जाता जाता तुंगा विचारी, "दादा, आज काय लागलं?"

"खडे."

"माझ्या जाळ्यातही तेच." आणि ती वरच्या डोहाकडे जाई.

मासे भरलेली खालची नदी त्यांनी पाहिली नाही.

विहाराच्या भिंतीला चुना लावून भिक्षूंनी घमेली ओढ्यात बुडवली, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. म्हणाले, "ते गवंडी तुम्हीच होता. राजा म्हणजे भिंतीची घाई करणारा तुमचा हा दाता. तुंगा म्हणजे पलीकडच्या काठावरून तुम्हाला शिव्या देणारी ती बाई. तिला गप्प करू नका. छिन्नी माझ्या हातात होती. फळ दिसणार नाही हे कळूनही थकलेला हात पुन्हा उचलावा, ह्याला वीर्यपारमिता म्हणतात."