प्रबंधाच्या आधीचा पुठ्ठा

या तालुक्यात माझ्याइतके प्रबंध कुणाच्याच हाताखालून गेले नसतील, प्राध्यापकांच्याही नाहीत. वाचला मात्र एकही नाही. मी बाइंडर. पुठ्ठा, खळ आणि सोनेरी अक्षरं एवढाच माझा अभ्यास. शाळा सातवीत सोडली आणि शाळेनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

तर आमच्या गावात केतकी बोंद्रे नावाची एक मुलगी होती. बी.ए.चं शेवटचं वर्ष, विषय भूगोल, वर्गात कायम पहिली. शेवटच्या वर्षाला प्रबंध लिहावा लागतो, आणि मार्च आला की सगळा वर्ग माझ्या दुकानासमोर रांग लावतो. कुणी हात जोडतं, कुणी नसलेल्या आजीला आजारी पाडतं. केतकीला ही रांग नको होती. ती ऑगस्टमध्येच आली. हातात आराखडा: प्रकरणं पाच, पानं ऐंशी, कुठल्या आठवड्यात काय लिहायचं तेही ठरलेलं.

"काका, पुठ्ठा आत्ताच करून ठेवा."

"आत काय घालायचं?"

"ते लिहायचंय अजून. पण नाव पक्कं आहे."

नाव होतं 'बुधवारचा बाजार: एका ऱ्हासाचा अभ्यास'.

"मूल जन्मायच्या आधीच त्याचं लग्न ठरवतेस की गं," मी म्हटलं. ती हसली नाही. माझ्या विनोदांना हुशार माणसं हसत नाहीत. त्यावरूनच मी त्यांना ओळखतो. पुठ्ठा मात्र मी नवरदेवाला शोभेल असा केला, वर ते नाव सोनेरी अक्षरांत.

केतकी बाजारात जाऊ लागली. पहिल्या बुधवारी तिनं दुकानं मोजली, एकशे दहा भरली. दिवाळीनंतर एकशे तीस. सणाची गर्दी असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. जानेवारीत एकशे चौतीस झाली. मग तिनं मिरचीवाल्या अनसूयाबाईंना विचारलं, "मावशी, बाजार बसत चाललाय, त्याची कारणं सांगा."

मावशी देठं खुडत म्हणाल्या, "बसलाय? मग मला पाय पसरायला जागा का मिळत नाही?"

प्रबंध जमा करायच्या आदल्या दिवशी सकाळी केतकी दुकानात आली. पानं सत्तावन्न.

"काका, बाजार वाढलाय."

"अरेरे," मी म्हटलं.

तिनं जे पाहिलं तेच लिहिलं होतं. पानं खरी होती, पुठ्ठा खोटा होता. नवा पुठ्ठा सोनेरी अक्षरांत करायला मला चार दिवस हवे होते, आणि उद्या दुपारी प्रबंध जमा झाला नाही तर तिचं वर्ष गेलं.

"सोपं आहे," मी म्हटलं. "पहिल्या बुधवारचा आकडा ठेव, पुढचे काढून टाक. मिरचीवालीलाही काढ, ती फार बोलते. जाडी भरायला मागे कोरी पानं लावतो. परीक्षक तिथवर पोचत नाहीत. मागची पानं चिकटलेली तशीच परत येतात."

मी गंमत करत होतो. निम्मी.

केतकी स्टुलावर बसली. सोनेरी अक्षरांवरून बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "सुरी द्या."

तिनं तो पुठ्ठा स्वतःच्या हातानं मधोमध कापला. सत्तावन्न पानांना मी साधा तपकिरी पुठ्ठा लावला. त्यावर पांढरी चिठ्ठी चिकटवून तिनं शाईनं लिहिलं: 'बुधवारचा बाजार: तो वाढला कसा?'

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिल्यांदा त्या चिठ्ठीवरच बोट ठेवलं. "हे काय?"

"सर, माझा अंदाज चुकला होता. कसा चुकला ते दुसऱ्या प्रकरणात लिहिलंय."

त्यांनी दुसरं प्रकरण उघडलं, पुढचं उघडलं, आणि अनसूयाबाईंच्या पानावर मोठ्यानं हसले. केतकी याही वेळी पहिली आली.

निकालाच्या दिवशी प्रबंधाची एक प्रत घेऊन ती दुकानात आली. "ही तुमच्यासाठी, काका." मी प्रत फळीवर ठेवली, चष्मा पुसला आणि तिला ऐकवलं:

तात्पर्य: आधी नीट पाहावं, मग मत बनवावं, आणि दोन्ही जुळत नसतील तर मत बदलावं, पाहिलेलं नाही.

केतकीनं फळीवरच्या प्रतीकडे पाहिलं. म्हणाली, "काका, प्रबंध न उघडताच तात्पर्य?"